शाल-श्रीफळ कुणाच्या हाती?

डोंबिवली-कोपरच्या पट्ट्यात सत्कारांना तोटा नाही. दहावीचे गुणवंत, ज्येष्ठ नागरिक, कुणाची एकसष्टी, कुणाचा वाढदिवस. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि घरात ठेवायला जागा नसलेलं सन्मानचिन्ह. मी शाळेत गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या स्काऊट पथकाची प्रमुख होते, आता निवृत्त होऊन कोपर पश्चिमेला राहते. खुर्च्या मांडण्यापासून आभारप्रदर्शनापर्यंत या समारंभांची सगळी अंगं मला पाठ आहेत. यंदा आमच्या मंडळाच्या मनात आलं, की परदेशच्या मुलांबरोबर आपल्या मुलांची शिबिरं घडवून आणणाऱ्यांचा सत्कार करावा. नावं सुचवायचं काम माझ्याकडे आलं. पण अशी शिबिरं घडवण्याचं काम नेमकं काय असतं, ते आधी सांगितलं पाहिजे. आमच्याकडे शिबिर म्हटलं की लोकांना रक्तदान नाहीतर योगासनंच आठवतात.

मुलांना घरापासून दूर नेऊन तंबूत ठेवायचं, त्यांचं त्यांना शिजवायला लावायचं, हा प्रकार जगभर रुजला तो स्काऊटिंगमुळे. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना नेलं. त्यात श्रीमंतांच्या शाळेतली मुलं होती आणि कामगारांचीही, ही त्यातली खरी नवलाई. पहिली जागतिक जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मेळावा, १९२० साली लंडनला भरली. आपल्याकडे मात्र गोऱ्यांच्या पथकांत देशी मुलांना सुरुवातीला घेतच नसत. म्हणून अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी वेगळी संस्था काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथकं उभी केली. १९५० मध्ये या संस्था एकत्र आल्या आणि भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली. पुढच्याच वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात आली. जगात बऱ्याच ठिकाणी मुलगे आणि मुली यांच्या संस्था वेगळ्या असतात, आपल्याकडे एकच. मला हे आपल्या लोकांचं शहाणपण वाटतं.

आमच्या मुलींसाठी जग सगळ्यात जवळ आलं ते पुण्यात. विश्रांतवाडीच्या बाजूला, आळंदी रस्त्यावर 'संगम' नावाचं केंद्र आहे. गर्ल गाईड्सच्या जागतिक संघटनेची अशी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. स्वित्झर्लंडमधलं १९३२ चं, लंडनचं, मेक्सिकोतलं १९५७ चं आणि हे आपलं. १६ ऑक्टोबर १९६६ ला लेडी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांनी त्याचं उद्घाटन केलं. तिथे निरनिराळ्या देशांतल्या मुली आणि बायका येऊन राहतात. काम करणाऱ्यांतही देशोदेशीच्या स्वयंसेविका असतात. पाहुण्या मुली रिक्षाने तुळशीबागेत जातात, बांगड्या घेतात, घासाघीस शिकून येतात. पुण्यातल्या दुकानदाराशी घासाघीस करून जी मुलगी जिंकली तिला जगात कुठेही पाठवा, असं माझं मत आहे.

एकदा आमच्या मुलींना तिथल्या शिबिरात घेऊन गेले होते. पहाटे कोपरहून लोकलने कल्याण, तिथून पुण्याची गाडी. काठ्या, दोऱ्या आणि डबे घेऊन लोकलच्या डब्यात शिरायचं म्हणजे काय, हे मध्य रेल्वेच्या प्रवाशाला सांगायला नको. अशा शिबिरांत मुली एकमेकींना बिल्ले देतात-घेतात. परदेशातल्या मुलींच्या पिशव्या रंगीत कापडी बिल्ल्यांनी भरलेल्या, आमच्याकडे द्यायला काहीच नाही. एका मुलीची आई घरी फॉल-बिडिंगचं काम करायची. तिने आदल्या आठवड्यात खणाच्या कातरणांचे चौकोन कापून, कडा दुमडून, मागे सेफ्टी पिन टाचून दिल्या होत्या. पहिल्या संध्याकाळीच ते चौकोन संपले. बदल्यात मिळालेले बिल्ले मुलींनी दुपट्ट्याला लावले आणि तो दुपट्टा धुवायला द्यायला कुणी तयार होईना.

पण माझ्या लक्षात राहिली ती आमची संघनायिका. कोपर गावातली आगरी मुलगी, वर्गात मागच्या बाकावर बसणारी, इंग्रजीच्या तासाला मान खाली. तिच्या घरी रेतीच्या होड्या होत्या. गाठींच्या तासाला शिकवणारी परदेशी बाई खुंटगाठ दाखवत होती. दोरी काठीभोवती एक वेढा, त्यावरून तिरका दुसरा वेढा, टोक आतून काढायचं. ही उठली. काठीला हातही न लावता तिने दोरीचे दोन फास हवेतच धरले, एकावर एक ठेवले, वरून काठीत घातले आणि ओढले. पापणी लवायच्या आत गाठ पक्की. भरतीच्या वेळी होडी खुंट्याला लावायची तर वेढे घालत बसायला वेळ नसतो, आजोबा असंच करतात, असं ती मराठीत म्हणाली. मी त्याचं इंग्रजी करायला तोंड उघडलं तर त्या बाईंनी मला हाताने थांबवलं. त्यांनी दोरी त्या मुलीच्या हातात दिली आणि स्वतः मुलींच्या रांगेत जाऊन बसल्या. उरलेला तास आमच्या मुलीने घेतला. एक शब्द इंग्रजी न बोलता.

त्या बाईंचं नाव कुठल्याही सन्मानयादीत मी पाहिलेलं नाही. शिकवणारीने आपली जागा सोडून मुलीला पुढे करायचं, याचं पदक नसतं.

पदकं तशी आहेत. जागतिक स्काऊट संघटनेचं एकच, ब्राँझ वूल्फ. पहिलं १९३५ मध्ये खुद्द बेडन-पॉवेल यांना दिलं. तेव्हापासून आजवर ते मिळालेली माणसं शेकड्यांतच मोजावी लागतील. कोट्यवधी मुलांच्या चळवळीत इतका आखडता हात ठेवला, म्हणूनच त्याची किंमत राहिली. १९६९ मध्ये ते लक्ष्मी मजुमदार यांना मिळालं. १९६४ पासून १९८३ पर्यंत त्या भारत स्काऊट्स आणि गाईड्सच्या राष्ट्रीय आयुक्त होत्या, म्हणजे संगम केंद्र उघडलं तेव्हाही. मुलग्यांची मानली जाणारी संघटना आणि तिचा सगळ्यात मोठा मान भारतातल्या एका बाईला, हे मी पथकातल्या मुलींना दरवर्षी न चुकता सांगत असे. आपल्या देशातला सर्वोच्च सन्मान सिल्व्हर एलिफंट, मग सिल्व्हर स्टार, मेडल ऑफ मेरिट, दीर्घ सेवेचं पदक अशी उतरंड. उतरंडीच्या वरच्या भागात खुर्चीचा मान किती आणि कामाचा किती, हे विचारू नये. कुठल्याच क्षेत्रात विचारू नये.

मला आवडतो तो सगळ्यात साधा, थँक्स बॅज. आभाराचा बिल्ला. स्काऊट नसलेल्या, पण स्काऊटांच्या उपयोगी पडलेल्या माणसाला द्यायचा, ही त्यामागची कल्पना. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या काळात या बिल्ल्यावर चक्क स्वस्तिक होतं, शुभचिन्ह म्हणून. जर्मनीत नाझींनी ते उचलल्यावर १९३५ च्या सुमारास ते काढावं लागलं. एवढा जुना आणि एवढा मोकळ्या मनाचा सन्मान, पण आपल्याकडे तो द्यायची आठवण फारशी कुणाला होत नाही.

स्काऊटिंगच्या बाहेरही अशी माणसं झाली. डोरिस अॅलन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५१ मध्ये सिनसिनाटीला अकरा वर्षांच्या मुलांचं आंतरराष्ट्रीय शिबिर भरवलं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. त्यांचं म्हणणं असं, की शांततेची सुरुवात मुलांपासून करायला हवी. प्रत्येक देशातून दोन मुली, दोन मुलगे आणि बरोबर एक मोठं माणूस, ही त्यांची पद्धत अजून चालते. सी.आय.एस.व्ही. या नावाने ती संस्था भारतातही आहे. आपल्याकडे एस. एन. सुब्बाराव, सगळ्यांचे भाईजी. खाकी हाफ पँट घालून देशभर हिंडले, २०२१ मध्ये गेले. त्यांच्या बालमहोत्सवांत परप्रांतातली मुलं शाळेच्या वर्गात न झोपता गावातल्या घरांत पाहुणी म्हणून राहत. त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. पण ज्या घरातल्या बाईने आसामच्या मुलाला चार दिवस जेवू घातलं, तिच्या हातात नारळसुद्धा पडला नसेल.

शिबिर म्हणजे शेकोटीभोवतीची गाणी, असं फोटोंवरून वाटतं. गाणी असतातच. बाकी वेळ पाणी, संडास, ताप आणि रडू यांत जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियातल्या सेमांगुम इथे पंचविसावी जागतिक जांबोरी भरली. त्रेचाळीस हजारांच्या आसपास मुलं आणि मोठी माणसं होती. समुद्रात भराव घातलेली जमीन, सावलीला झाड नाही, उन्हाचा कहर. मुलं आजारी पडू लागली. ब्रिटन आणि अमेरिकेची पथकं आधीच निघून गेली, मग खानून वादळ येतंय म्हणून सगळा तळच हलवावा लागला. आयोजकांवर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा वेळी भाषा न कळणाऱ्या देशात मुलांची मोजदाद करून त्यांना बसमध्ये चढवणारे असतात ते त्यांच्या बरोबर गेलेले शिक्षक, स्वखुशीने आलेले, बहुतेक आपली रजा घालवून.

आणि शिबिराला निघायच्या आधीचं काम तर कुणाला दिसतच नाही. मुलीला पाठवायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न, कुणाच्या भरवशावर? मग कॅप्टनने संध्याकाळी घरी जायचं, चहा घ्यायचा, आजीचं म्हणणं ऐकून घ्यायचं. वडील तयार झाले तर काका अडून बसतात. जन्मदाखल्यावर नाव एक, आधार कार्डावर दुसरं, ते दुरुस्त करून आणायचं. अल्पवयीन मुलीच्या पासपोर्टची फी हजार रुपये, वर आई-वडिलांच्या संमतीचे कागद. रिक्षा चालवणाऱ्या बापाला पासपोर्ट कार्यालयात जायचं म्हणजे दिवसाची कमाई सोडायची. एका मुलीच्या वडिलांबरोबर मी स्वतः गेले होते. दुपारी बाहेर आल्यावर त्यांनी मला स्टेशनपर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. माझा तो थँक्स बॅज.

तर मंडळाला मी नावं दिली. खणाचे बिल्ले शिवणाऱ्या ताई. तंबू आणि भांडी टेम्पोत फुकट वाहून नेणारे, आयरे रोडचे टेम्पोवाले दादा. जिल्हा मेळाव्यात पहाटे चारला उठून चारशे मुलांचे पोहे करणाऱ्या दोन स्वयंपाकीण काकू. आणि माझ्या नंतर पथक घेतलेली तरुण कॅप्टन, जिला शाळेत या कामासाठी आठवड्याला एक तास मिळतो आणि जी रविवार स्वतःचा घालते. यादी वाचून अध्यक्ष म्हणाले, "बाई, यात एकही मोठं नाव नाही, पत्रिकेवर काय छापायचं?" मी म्हटलं, पत्रिका छापूच नका. शाली, नारळ, हॉलचं भाडं आणि पत्रिका यांचा खर्च जमवला तर निदान सात-आठ मुलींचे पासपोर्ट निघतील, आणि या पाच जणांना बोलावून त्यांच्याच हस्ते ते मुलींना द्या. अध्यक्ष विचार करून सांगतो म्हणाले. हॉल मात्र त्यांनी त्याआधीच ठरवून टाकला होता, आणि आगाऊ रक्कम परत मिळत नाही असं समजलं, तेव्हा आता निदान शाली कमी करून घ्याव्यात यावर आमची चर्चा चालू आहे.