वाहतूक बेटाचे गणित

शाळा सुटण्याची वेळ आहे. गाव सातारा असो की सांगली, मोठ्या चौकात या वेळी गर्दी असतेच. एक विद्यार्थी सायकलवरून उतरून, एक पाय जमिनीला टेकवून चौकाच्या तोंडाशी उभा आहे. चौकाच्या मध्यभागी गोल वाहतूक बेट आहे. त्याला समोरच्या रस्त्याला जायचे आहे. उजवीकडून बेटाला वळसा घालत एक जीप येते आहे. ती आपल्याच रस्त्यात शिरणार की आपल्यासमोरून पुढे जाणार, हे त्याला कळत नाही, कारण जीपने कोणतीच खूण दाखवलेली नाही. मागून हॉर्न वाजतो. मुलगा बिचकतो आणि अंदाजाने सायकल पुढे काढतो.

हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. पण एखाद्या वेळी चुकला तर काय होते, हे आपण सर्वजण जाणतो. अंदाज करण्याची वेळच येऊ नये यासाठी गोल चौकाचे काही नियम ठरलेले आहेत. ते वाहन परवान्याच्या परीक्षेपुरते पाठ केले जातात आणि विसरले जातात, कारण त्यांच्यामागचे कारण कोणी सांगत नाही. ते कारण आज आपण समजून घेऊ. त्यासाठी शाळेतली भूमिती आणि थोडे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

बत्तीसचे आठ

चार रस्त्यांचा साधा चौक फळ्यावर काढा. प्रत्येक रस्त्याने येणारे वाहन डावीकडे, सरळ किंवा उजवीकडे जाऊ शकते. म्हणजे एकूण बारा वाटा झाल्या. या वाटा कोठे फुटतात, कोठे मिळतात आणि कोठे एकमेकींना छेदतात, तेथे ठिपके द्या. वाटा फुटण्याचे 8, मिळण्याचे 8 आणि छेदण्याचे 16, असे 32 ठिपके मिळतील. यांपैकी प्रत्येक ठिपका ही टक्कर होण्याची एक संभाव्य जागा आहे.

आता मध्यभागी बेट काढा आणि सर्व वाहनांना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू द्या. एकेरी रांगेच्या गोल चौकात प्रत्येक रस्त्यापाशी मिळण्याचा एक आणि फुटण्याचा एक, असे फक्त 8 ठिपके उरतात. छेदण्याचा ठिपका एकही राहत नाही. एका वर्तुळाने सोळाच्या सोळा छेद नाहीसे केले.

उरलेल्या ठिकाणी टक्कर झालीच तर तिचा जोरही कमी असतो. ताशी 40 किलोमीटर वेगाची दोन वाहने काटकोनात आदळली, तर त्यांचा सापेक्ष वेग ताशी सुमारे 57 किलोमीटर असतो. बेटाभोवती ताशी 20 किलोमीटरने जाणारी दोन वाहने 30 अंशांच्या कोनात एकमेकांना घासली, तर सापेक्ष वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास राहतो. टकरीत खर्ची पडणारी ऊर्जा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून पहिल्या टकरीची ऊर्जा दुसरीच्या सुमारे 30 पट भरते.

वेग कमी ठेवण्याचे कामही वर्तुळच करते. वळणावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण अभिकेंद्री बल पुरवते. वळणाची त्रिज्या 15 मीटर आणि बेताने वापरायचा घर्षणांक 0.3 धरला, तर सुरक्षित वेग ताशी सुमारे 24 किलोमीटर निघतो. बेट मध्ये आले की चालकाला वेग उतरवावाच लागतो. अर्थात, बेट इतके लहान असेल की त्याला वळसा न घालताच सरळ जाता येते, तर हा फायदा मिळत नाही.

आधी उतरू द्या

इतके गुण असूनही गोल चौक तुंबतात. असे का होते, याचे उत्तर एस.टी.च्या दारात सापडते. बस थांबताच खालचे प्रवासी दाराला भिडले, तर आतले उतरू शकत नाहीत. आतले उतरत नाहीत म्हणून जागा होत नाही, आणि जागा होत नाही म्हणून खालच्यांना चढता येत नाही. कोणाचेच काम होत नाही.

बेटाभोवतीचा रस्ता हा त्या बससारखाच आहे. त्यात मावणारी वाहने ठरावीक. बाहेरून येणारे वाहन आतल्या वाहनाच्या पुढ्यात घुसले की आतले थांबते. त्याच्यामागचे थांबते, त्याच्याही मागचे थांबते, आणि ही रांग वर्तुळात फिरून पुन्हा पहिल्यापाशी येते. बाहेर पडण्याचे फाटे मोकळे असूनही तेथवर कोणी पोहोचत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस, न्यूयॉर्क आणि इंग्लंडमधील लेचवर्थ येथे असे चौक झाले, तेव्हापासून ही अडचण भेडसावत होती. पॅरिसच्या प्रसिद्ध एत्वाल चौकात 1907 साली गोल वाहतूक सुरू झाली. तेथे आत शिरणाऱ्याला आधी वाट देण्याची पद्धत आहे, आणि तो चौक गर्दीसाठी तितकाच प्रसिद्ध आहे. ब्रिटनमध्ये फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने या प्रश्नावर प्रयोग केले. 1966 च्या नोव्हेंबरपासून तेथे नियम झाला : आत शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजेच आधीपासून फिरत असलेल्याला, वाट द्यायची.

आपणही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे हा नियम आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो. आपल्याकडे 1989 च्या नियमांत मुख्य रस्ता नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी असे होतेच. 2017 च्या वाहनचालन विनियमांत तर चक्राकार चौकात आधीपासून असलेल्या वाहनाचा हक्क पहिला, असे म्हटले आहे. सारांश एकच : आत शिरण्यापूर्वी उजवीकडे पाहा, कोणी येत असेल तर थांबा, आत शिरल्यावर विनाकारण थांबू नका.

कोणत्या रांगेत, कोणती खूण

बेटाभोवती दोन रांगा मावत असतील तर प्रश्न येतो तो रांग निवडण्याचा. फाटे मोजण्याची सवय लावली की हे सोपे होते. आपण आत शिरलो की डावीकडचा पहिला फाटा, समोरचा दुसरा, उजवीकडचा तिसरा आणि आपण आलो तो रस्ता चौथा.

पहिल्या फाट्याने जायचे असेल, तर चौकाच्या आधीच डावी रांग धरावी, डावा इंडिकेटर लावावा आणि बाहेर पडेपर्यंत तो चालू ठेवावा.

दुसऱ्या फाट्याने, म्हणजे सरळ जायचे असेल, तर सामान्यतः डावीच रांग धरावी. आत शिरताना कोणतीही खूण नको. पहिला फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर लावून बाहेर पडावे.

तिसऱ्या किंवा चौथ्या फाट्याने जायचे असेल, तर आधीच उजवी रांग धरावी, उजवा इंडिकेटर लावावा आणि बेटाच्या जवळून फिरावे. आपल्या आधीचा फाटा ओलांडताच डावा इंडिकेटर लावावा, आरशात आणि डाव्या खांद्यावरून मागे पाहावे आणि मगच डावीकडे सरकत बाहेर पडावे.

रस्त्यावर बाण रंगवलेले असतील तर ते पाळावेत. आणि फाटा चुकला तर अचानक आडवे वळू नये. बेटाला आणखी एक फेरी मारण्याने काही सेकंदच जातात.

नियमांचा मथितार्थ असा : ज्याला लवकर बाहेर पडायचे त्याने बाहेरच्या कडेने जावे, ज्याला उशिरा पडायचे त्याने आतल्या कडेने; आणि बाहेर पडताना प्रत्येकाने डावी खूण द्यावी. याउलट, पहिल्या फाट्याला जाणारा बेटाला चिकटून गेला आणि तिसऱ्या फाट्याला जाणारा बाहेरून गेला, तर वर्तुळाने नाहीसे केलेले छेद आपण पुन्हा निर्माण करतो. तीच गोष्ट वळसा टाळण्यासाठी बेटाच्या उलट्या बाजूने उजवीकडे घुसणाऱ्या दुचाकीची. तिने समोरासमोरच्या टकरीची एक नवी जागा तयार केलेली असते.

खूण कोणासाठी?

‘मला माहीत आहे मी कोठे जाणार, मग इंडिकेटर कशाला?’ असे अनेकांना वाटते. इंडिकेटर हा वाट पाहणाऱ्यासाठी असतो. समजा, दर तीन सेकंदांनी एक वाहन आपल्या दिशेने येत आहे आणि आत शिरायला आपल्याला पाच सेकंदांची फट लागते. खूण नसेल तर आपण उभेच राहू. पण एकाआड एक वाहन आपल्या रस्त्यात शिरणार आहे, हे डाव्या इंडिकेटरवरून आधी कळले, तर आपल्यासाठी सहा सेकंदांची फट तयार होते. रस्ता रुंद न करता, केवळ माहिती मिळाल्यामुळे रांग पुढे सरकते.

म्हणूनच चुकीची माहिती ही न दिलेल्या माहितीपेक्षा वाईट. सरळ जायचे आहे हे दाखवण्यासाठी चारही इंडिकेटर एकदम लावण्याची पद्धत आपल्याकडे दिसते. कडेला उभ्या असलेल्या माणसाला त्या वाहनाची एकच बाजू दिसते. त्याला ते वाहन वळणार असे वाटते आणि तो पुढे येतो. हे चारही दिवे बंद पडलेल्या किंवा धोक्याच्या जागी उभ्या वाहनासाठी आहेत. वळून झाल्यावर चालूच राहिलेला इंडिकेटरही असाच फसवतो. दुसऱ्याच्या खुणेवर विसंबतानाही ते वाहन खरोखर वळू लागले आहे का, हे पाहिलेले बरे.

उसाची ट्रॉली आणि सायकल

सातारा आणि सांगली हे उसाचे जिल्हे. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जातो. अशी गाडी वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला ओढली जातात, आणि शेवटची ट्रॉली सर्वांत जास्त. बेटाभोवती फिरताना ही आतली बाजू उजवी, म्हणजे बेटाची असते. बाहेर पडताना ती एकदम डावी होते. त्यामुळे ट्रॉली आणि बेट यांच्यामध्ये किंवा ट्रॉली आणि डाव्या कडेमध्ये जी मोकळी जागा दिसते, ती काही क्षणांत नाहीशी होणारी असते. सायकलस्वाराने आणि दुचाकीस्वाराने अशा गाडीच्या बाजूला न जाता मागे राहावे. गर्दी फार असेल तर सायकलवरून उतरून, फाट्यांवरून पायी रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही.

गोल चौकाच्या मर्यादा

सगळीकडे बेटच हवे असेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1976 च्या मार्गदर्शिकेत सर्व बाजूंनी मिळून ताशी सुमारे 3000 वाहने ही अशा चौकाची वरची मर्यादा मानली होती. दोन फाट्यांमधल्या अंतरात आत येणारी आणि बाहेर जाणारी वाहने एकमेकांत विणली जातात. रस्ते जास्त असले की हे अंतर तोकडे पडते आणि वीण गुंतते. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर बसस्थानक, राजवाडा, कोरेगाव, सदर बाजार अशा अनेक दिशांचे रस्ते एकत्र येतात. तेथे अखेर जमिनीखालून मार्ग काढावे लागले. ते जानेवारी 2021 मध्ये वाहतुकीला खुले झाले. छेद टाळण्याचाच हा दुसरा उपाय; वर्तुळाऐवजी पातळी बदलून.

मैदानावरचा प्रयोग

हे सर्व मुलांना सांगण्याऐवजी करून दाखवता येईल. मैदानावर फक्कीने सुमारे तीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. त्याभोवती दीड मीटर रुंदीचा रस्ता आणि चार फाटे काढावेत. चार गट चार तोंडांशी उभे करावेत. प्रत्येकाला ‘पहिला’, ‘दुसरा’ किंवा ‘तिसरा’ फाटा लिहिलेली चिठ्ठी द्यावी. सर्वांनी चालतच जायचे, धावायचे नाही.

पहिल्या खेळात बाहेरच्याला आधी आत येऊ द्यावे. दुसऱ्या खेळात आतल्याला आधी जाऊ द्यावे. तिसऱ्या खेळात दुसऱ्याचाच नियम ठेवून, बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने डावा हात दाखवावा. दर खेळात तीन मिनिटांत किती जण बाहेर पडले, ते मोजून तक्ता करावा. त्यानंतर गर्दीच्या वेळी, पदपथावर सुरक्षित उभे राहून, गावातल्या एखाद्या चौकात बाहेर पडणाऱ्या शंभर वाहनांपैकी किती जण डावी खूण देतात, याची नोंद मोठ्या मुलांनी शिक्षकांबरोबर करावी.

दहावी-अकरावीतली ही मुले दोन-तीन वर्षांत परवाना काढतील. त्या वेळी चौकाच्या तोंडाशी कोणी सायकलवाला पाय टेकवून उभा असेल. त्याला अंदाज करावा लागू नये म्हणून त्यांचा हात आपोआप इंडिकेटरकडे गेला, तर हा प्रयोग यशस्वी झाला असे म्हणता येईल.