कॅमेऱ्याचे खेळ आणि मुलांची नजर

लहान मुलांसाठी संगणकावरचा खेळ निवडताना बहुतेक पालक एकच गोष्ट पाहतात : त्यात मारामारी आहे का? नसली की खेळ पसंत. वन्यप्राण्यांचे फोटो काढण्याचे खेळ या कसोटीला सहज उतरतात. पण ही कसोटीच अपुरी आहे. मुलाच्या हाती बंदूक न देता कॅमेरा दिला, हे चांगलंच झालं. मात्र प्राण्यांशी कसं वागायचं हे मूल त्या खेळातून काय शिकेल, ते ठरतं खेळ कोणत्या कृतीला बक्षीस देतो यावरून.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे १९९९ साली निन्टेन्डो ६४ वर आलेला ‘पोकेमॉन स्नॅप’. ठरलेल्या मार्गावरून गाडी आपोआप पुढे सरकते, एका फेरीत साठच फोटो काढता येतात आणि शेवटी खेळातले प्राध्यापक ओक निवडक फोटो तपासून गुण देतात. प्राणी चौकटीत किती मोठा दिसतो, तो काय करतो आहे, मधोमध आला आहे का, असा हिशेब असतो. साठाच्या मर्यादेमुळे मूल थांबायला, नीट बघायला शिकतं, ही या खेळाची मोठी देणगी. पण पुढे मुलाच्या हाती सफरचंदं येतात आणि मग प्राण्यांना हैराण करणारे चेंडूही. लपलेला प्राणी त्यांनी बाहेर काढला, की नवा फोटो मिळतो. पोकेमॉन हे प्राणी काल्पनिक आहेत, कुणाला इजा होत नाही, हे मान्य. तरीही चांगल्या फोटोसाठी प्राण्याला डिवचलं तर चालतं, हा धडा त्यात आहेच. प्राण्याच्या जवळ जाण्याचा हा हव्यास प्रत्यक्षात कुठवर जातो, ते विदर्भाने पाहिलं आहे. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांत बसलेले कुणी शिकारी नव्हते, पर्यटक होते.

याच्या शेजारी २०२० साली आलेला ‘आल्बा : अ वाइल्डलाइफ ॲडव्हेंचर’ ठेवून पाहावा. लंडनच्या उस्टू गेम्सने तो केला. भूमध्य समुद्रातल्या एका काल्पनिक स्पॅनिश बेटावर आजी-आजोबांकडे सुट्टीला आलेली आल्बा ही त्याची नायिका. तिथल्या राखीव जंगलाच्या जागी हॉटेल उभारण्याचा महापौरांचा बेत असतो आणि तो थांबवण्यासाठी आल्बाला पन्नास सह्या जमवायच्या असतात. ती फोनने फोटो काढते, पण त्या फोटोंना गुण नाहीत. चौकटीतला प्राणी ओळखला गेला, की त्याचं नाव तिच्या यादीत जातं, बस्स. त्या यादीत आपल्या अंगणातली चिमणीही आहे. फोटोंबरोबरच कचरा उचलणं, मोडलेली पक्ष्यांची घरटी दुरुस्त करणं, आजारी प्राण्यांवर उपचार करणं ही कामंही चालू असतात आणि ती पाहून गावकरी सही करतात. इथे फोटो ही ओळखीची पहिली पायरी आहे. ओळख झाली की जबाबदारी येते. खेळात सुगावा लागतो तो आयबेरियन लिंक्स हा रानमांजरासारखा प्राणीही खरा आहे. या शतकाच्या सुरुवातीला शंभराच्याही खाली गेलेली त्याची संख्या चिकाटीच्या प्रयत्नांनी दोन हजारांवर गेली आणि २०२४ मध्ये तो ‘संकटग्रस्त’ वर्गातून बाहेर आला. प्राणी वाचवता येतात, ही खेळातली आशा भाबडी नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पडद्यावरचं जंगल कशाला, मुलांना खऱ्या झाडाखाली न्या. न्यायलाच हवं. पण मुलांचं लक्ष आज कुठे आहे, हेही पाहायला हवं. २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश शाळकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध केली. आठ वर्षांच्या मुलांना सुमारे ऐंशी टक्के पोकेमॉन ओळखता आले, परिसरातले साधे प्राणी आणि वनस्पती मात्र निम्म्याच. शेकडो जीव नावानिशी लक्षात ठेवण्याची ताकद मुलांत असते, एवढं त्यातून कळतं. ती ताकद कुठे वळवायची, हे मोठ्यांच्या हातात आहे. दुसरा आक्षेप : कॅमेरा मध्ये आला की बघणं संपतं. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या संग्रहालयातल्या प्रयोगात, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, हे खरं. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांची आठवण घटली नाही. म्हणजे लक्ष देऊन काढलेला फोटो बघण्याच्या आड येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : एका मुलीने सुट्टीत जंगल वाचवलं, असं खऱ्या जगात घडत नाही. मात्र सह्या गोळा करणं, शेजाऱ्यांना पटवणं, आपलं म्हणणं लावून धरणं हा संवर्धनाचा खरा मार्ग आहे आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला तो कळेल अशा रूपात हा खेळ मांडतो.

म्हणून खेळ घेण्याआधी पालकांनी तो अर्धा तास स्वतः खेळून पाहावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात : प्राण्याला त्रास देऊन फायदा होतो का, प्राण्यांची खरी नावं कळतात का, आणि फोटो काढल्यावर प्राण्यासाठी काही करायला मिळतं का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आणि उरलेल्या दोन्हींचं ‘हो’ आलं, तर तो खेळ मुलाच्या हाती निर्धास्त द्यावा आणि खेळून झाल्यावर त्याच उत्साहात त्याला बाहेरचे पक्षी दाखवायला न्यावं.