वसंतारंभीची बर्फावरील मासेमारी
अमेरिकेचे मिनेसोटा राज्य आणि कॅनडा यांच्या सीमेवरील लेक ऑफ द वुड्स या सरोवरात मार्चअखेरीस दिवस मोठा होऊन बर्फावरचे हिम वितळू लागते, तेव्हा ते पाणी भोकांतून व भेगांतून खाली उतरते, बर्फातून प्रकाशही अधिक झिरपतो आणि हिवाळाभर मंदावलेले मासे पुन्हा हालचाल करू लागतात. पाइक हा लांबट शिकारी मासा या सुमारास उथळ, पाणगवताच्या काठाकडे सरकतो, कारण बर्फ फुटण्याच्या वेळीच तो तेथे अंडी घालतो. म्हणून मासेमार भोकावर ‘टिप-अप’, म्हणजे मासा गळाला लागताच निशाण उभे करणारे साधन, मांडून ठेवतात.

मात्र याच काळात बर्फाची जाडी फसवी ठरते. एरवी पायी चालण्यासाठी नव्या, स्वच्छ बर्फाचा सुमारे १० सेंटिमीटरचा थर पुरेसा मानला जातो. परंतु उन्हाने स्फटिकांमधले सांधे आतून वितळले की तो थर उभ्या कांड्यांच्या सैल जुडीसारखा होतो, आणि मग अर्धा मीटर जाडीचा बर्फही माणसाच्या भाराखाली एकाएकी सुटा होऊ शकतो. किनाऱ्यालगत, जेथे जमीन उष्णता शोषते, तो सर्वांत आधी खचतो. त्यामुळे पहाटेच्या कडक थंडीत सरोवरावर गेलेल्याने दुपारी परतताना तीच वाट पहारीने ठोकून पुन्हा तपासणे अत्यावश्यक असते.