जंगलाचा भार बांधावर

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य मुळात उघड्या टेकड्यांचं होतं. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी तिथं झाडं लावली, हरणं आणून सोडली, 1985 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. हरणं वाढली की ती कुंपणापलीकडच्या पिकात शिरणारच, आणि सरपणासाठी बाया जंगलाकडे वळणारच.

म्हणून सरपण आणि चारा देणारी झाडं संरक्षित वनाभोवतीच्या शेतातच हवीत. माणदेशातल्या म्हसवडसारख्या दुष्काळी भागात ती कुठली, हे शेळ्यामेंढ्या राखणाऱ्याला विचारावं. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, शेवरी, हादगा; उन्हाळ्यात वैरण संपते तेव्हा यांच्यावरच कळप तगतो. सरपणही निघतं. मात्र सावलीत ज्वारी खुरटते, त्यामुळे झाडं बांधावर, विरळ आणि दरवर्षी छाटलेली बरी. एकट्याने लावून भागत नाही. मोकाट चराई थांबली नाही तर रोप पहिल्या उन्हाळ्यातच संपतं. चराईबंदीला ग्रामसभाच लागते, आणि मेंढपाळांना डावलून केलेली बंदी टिकत नाही.

माळरान मात्र मोकळंच राहू द्यावं. लांडगा, चिंकारा यांना गवत लागतं, दाट झाडी नाही. वृक्षारोपणाच्या उत्साहात हे हमखास विसरलं जातं.

शेतात झाडं लावायला प्रोत्साहन देणारं केंद्राचं कृषिवानिकी धोरण 2014 मध्ये आलं. तरी राज्याच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार स्वतःच्या शेतातला आंबा, चिंच, जांभूळ तोडायलाही परवानगी लागते. अशी झाडं लावताना शेतकरी दोनदा विचार करतो.