वीस मिलिग्रॅमपासून सुरुवात

सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की लिम्फोसाइट पेशींची दाटी दिसते आणि मधेमधे फिसकटलेले जांभळे डाग. काचेवर रक्त पसरताना फुटलेल्या पेशी त्या. पॅथॉलॉजीत आम्ही त्यांना स्मज सेल म्हणतो. काचेवर इतक्या नाजूक असलेल्या या पेशी शरीरात मात्र मरता मरत नाहीत. आजाराचं मूळ बरंचसं तिथेच आहे.

वेळ झाली की स्वतःला संपवायची यंत्रणा प्रत्येक पेशीत तयार असते. केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली तिला अपॉप्टोसिस हे नाव दिलं. पेशी आक्रसते, केंद्रकाचे घट्ट गोळे होतात, तुकडे पडतात, पण आवरण फाटत नाही. भक्षक पेशी ते तुकडे गिळतात, आसपास दाह होत नाही. सीएलएलमध्ये बीसीएल-२ नावाचं प्रथिन भरमसाट असतं आणि ते ही यंत्रणा रोखून धरतं. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं त्यालाच चिकटतं. जखडलेली मारक प्रथिनं मोकळी होतात, मायटोकॉन्ड्रियाला छिद्रं पडतात, काही तासांत पेशी संपते.

अब्जावधी पेशी एकदम गेल्या तर मात्र सफाई पुरी पडत नाही. पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात चढतं; मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. सुरुवातीच्या चाचण्यांत यामुळे मृत्यूही झाले. म्हणून डोस पहिल्या आठवड्यात २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. सोबत भरपूर पाणी, ॲलोप्युरिनॉल आणि पहिल्या डोसनंतर सहा ते आठ तासांनी व २४ तासांनी रक्त तपासणी.

त्या नमुन्याला आम्ही फार जपतो. टर्निकेट जास्त वेळ आवळायचा नाही, ट्यूब जोरात हलवायची नाही, वॉर्डातून कुणीतरी ती हातानेच आणायची. नाजूक पेशी ट्यूबमध्ये फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. आकडा चढला की पहिला प्रश्न हाच: पेशी रुग्णाच्या शरीरात मेल्या की ट्यूबमध्ये? वॉर्डला फोन जातो, ईसीजी निघतो, ताजा नमुना लगेच ब्लड गॅसच्या मशीनवर लागतो. तोही चढाच आला तर उपचार तत्काळ सुरू होतात आणि पुढचा डोस थांबतो. गोळी लागू पडते आहे, म्हणूनच धोका आहे, हे नातेवाइकांना त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. घरी गेल्यावर रुग्णाला उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात राहीना, तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा, हे त्यांना तेव्हाच पटतं.