रुग्णालयापर्यंतची वाट : महासाथीच्या काळातील सार्वजनिक वाहतूक

एखाद्या शहराची आरोग्यव्यवस्था किती सक्षम आहे, हे ठरविताना खाटा, व्हेंटिलेटर, डॉक्टर आणि परिचारिका यांची मोजदाद केली जाते. मात्र त्या परिचारिकेला, कक्षसेवकाला किंवा सफाई कामगाराला पाळी सुरू होण्यापूर्वी रुग्णालयात पोहोचविणारी बस अथवा लोकल या हिशेबात सहसा धरली जात नाही. नेहमीच्या दिवसांत तशी गरजही भासत नाही, कारण गाड्या धावतच असतात. मार्च २०२० मध्ये त्या थांबल्या, तेव्हा वाहतूक हा आरोग्यव्यवस्थेचाच एक अवयव असल्याचे मुंबईत आणि एकूणच महाराष्ट्रात प्रकर्षाने जाणवले.

मुंबईची रचनाच अशी आहे की, काम एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला असते. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक आणि साथरोगांसाठी वाहिलेले कस्तुरबा ही महापालिकेची मोठी रुग्णालये शहराच्या दक्षिण व मध्य भागांत आहेत, तर तेथे काम करणाऱ्यांपैकी अनेकजण परवडणाऱ्या घरांच्या शोधात विरार, बदलापूर, टिटवाळा किंवा पनवेलपर्यंत गेलेले आहेत. ही दरी दररोज सुमारे ७५ लाखांहून अधिक प्रवासी वाहणारी उपनगरी रेल्वे सांधत होती. २२ मार्च २०२० रोजी देशभरातील प्रवासी रेल्वेगाड्या बंद करण्याचा निर्णय झाला, त्या रात्रीपासून लोकलही थांबली आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. गर्दी टाळण्यासाठी लोकल बंद ठेवणे अपरिहार्य मानले गेले. परंतु रुग्णालये, औषध दुकाने, पाणीपुरवठा, वीज, पोलीस आणि सफाई या अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांना घरी थांबण्याची मुभा नव्हती.

बेस्ट आणि एसटी : बदललेली कामगिरी

ही पोकळी भरून काढण्याचे काम मुंबई महापालिकेच्या बेस्ट उपक्रमाकडे आणि महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे, म्हणजेच एसटीकडे, आले. वरकरणी ते सोपे वाटत असले, तरी त्यासाठी दोन्ही संस्थांना आपल्या कामाची घडीच बदलावी लागली. मुंबईतील बसवाहतुकीचा बराचसा भाग रेल्वेला पूरक असतो : प्रवासी स्थानकावर उतरतो आणि तेथून कार्यालयापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर बसने जातो. लोकल बंद होताच बसला हे शेवटचे अंतर सोडून सबंध प्रवासच वाहून न्यावा लागला. रेल्वेच्या तुलनेत बसची क्षमता अत्यंत तोकडी असते, कारण बारा डब्यांच्या एका लोकलमधील प्रवासी वाहण्यासाठी कित्येक बसगाड्या लागतात. त्यामुळे कोणाला बसमध्ये घ्यायचे, हे ठरविण्यासाठी ओळखपत्राची अट घालण्यात आली आणि रुग्णालयांच्या पाळ्यांनुसार फेऱ्यांच्या वेळा आखाव्या लागल्या. एसटीने नेहमीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या थांबवून पालघर, विरार, ठाणे, कल्याण, पनवेल अशा भागांतून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी मुंबईकडे विशेष फेऱ्या सुरू केल्या. ग्रामीण भागात वाढलेल्या या सेवेने महानगराच्या दैनंदिन वाहतुकीचा भार उचलावा, असा प्रसंग तिच्या इतिहासात क्वचितच आला असेल.

८ जून २०२० पासून, निर्बंध शिथिल करण्याच्या टप्प्यात, बेस्टची सेवा सर्वसामान्य प्रवाशांसाठीही खुली झाली, मात्र एका आसनावर एकच प्रवासी आणि पाचच प्रवासी उभे, अशी मर्यादा घालण्यात आली. अंतर राखण्याच्या या नियमाचा वाहतुकीच्या गणितावर मोठा परिणाम होतो : बसची क्षमता निम्म्याहून खाली येते, डिझेल, चालक आणि वाहक यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. तितक्याच प्रवाशांसाठी दुपटीहून अधिक बसगाड्या लागतात आणि प्रत्येक फेरी आधीपेक्षा अधिक तोट्यात जाते. मागणी वाढत गेल्यावर ऑक्टोबर २०२० च्या सुमारास राज्याच्या विविध विभागांतून एसटीच्या १,००० बसगाड्या, त्यांच्या चालक-वाहकांसह, बेस्टच्या मदतीला मुंबईत आणण्यात आल्या. शहराचे रस्ते आणि थांबे अपरिचित असलेल्या या कर्मचाऱ्यांना घरापासून दूर, एकत्र निवासात राहावे लागले, आणि त्यांच्यापैकी अनेकांना संसर्गाची बाधाही झाली.

दरम्यान १५ जून २०२० पासून राज्य शासनाने निश्चित केलेल्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरती लोकल पुन्हा धावू लागली. पुढे २१ ऑक्टोबरपासून गर्दी नसलेल्या वेळांत महिलांना, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना आणि दुसऱ्या लाटेतील बंदीनंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना प्रवासाची मुभा मिळाली. एरवी तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुली असलेली रेल्वे या काळात सार्वजनिक आरोग्याचे धोरण राबविण्याचे साधन बनली, असे या क्रमावरून म्हणता येते.

घरी परतणाऱ्यांची वाहतूक

आरोग्यसेवकांना कामावर नेणे हा वाहतुकीच्या जबाबदारीचा एक भाग होता. रोजगार आणि निवारा गमावलेल्यांना गावी पोहोचविणे हा दुसरा भाग, आणि तेथे व्यवस्था बराच काळ अपुरी पडली. गाड्या बंद असताना हजारो मजूर पायी निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेमार्गावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. ते जालन्याहून भुसावळच्या दिशेने, गाडी मिळेल या आशेने चालत निघाले होते. वाहतुकीच्या अभावाची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, याचे याहून विदारक उदाहरण महाराष्ट्रात सापडणार नाही.

त्यापूर्वी १ मे रोजी तेलंगणातील लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे पहिली ‘श्रमिक विशेष’ गाडी सुटली होती, आणि त्याच दिवशी नाशिकहून भोपाळकडेही एक गाडी रवाना झाली. या गाड्या प्रवाशांना थेट तिकीट देऊन चालविल्या जात नव्हत्या : मजुरांची नोंदणी करून त्यांना स्थानकापर्यंत आणण्याचे काम राज्य शासनांचे होते, तर रेल्वेने डबे, इंजिने आणि मार्ग उपलब्ध करून द्यायचे होते. १ मे ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात अशा ४,६२१ गाड्यांतून ६३ लाखांहून अधिक प्रवासी आपापल्या राज्यांत पोहोचले. मे महिन्याच्या उत्तरार्धात उत्तर प्रदेश आणि बिहारच्या दिशेने एकाच वेळी इतक्या गाड्या सोडण्यात आल्या की, मार्गांवर कोंडी होऊन अनेक गाड्या वळवाव्या लागल्या आणि प्रवाशांचे अन्नपाण्यावाचून हाल झाले. एसटीनेही मे महिन्यात परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमांपर्यंत विनामूल्य पोहोचविले, आणि राजस्थानातील कोटा येथे अडकलेल्या विद्यार्थ्यांना आणण्यासाठी एप्रिलच्या अखेरीस धुळ्याहून बसगाड्या पाठविल्या.

प्रवासी नसल्यामुळे उभ्या राहिलेल्या गाड्यांचा दुसरा उपयोगही शोधण्यात आला. मे २०२० मध्ये एसटीने मालवाहतूक सुरू केली. जुन्या बसगाड्यांची आसने व खिडक्या काढून त्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर करण्यात आले आणि रत्नागिरीहून मुंबईकडे हापूस आंब्याच्या पेट्या रवाना झाल्या. पुढे ‘महाकार्गो’ या नावाने स्थिरावलेल्या या सेवेचा उगम बागायतदाराला बाजारपेठ आणि महामंडळाला थोडेफार उत्पन्न मिळवून देण्याच्या निकडीतून झाला. ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे सुटलेली किसान रेल हीही शेतमालाच्या अशाच गरजेतून सुरू झालेली सेवा होती.

प्राणवायूचा लांबचा वळसा

एप्रिल २०२१ मधील दुसऱ्या लाटेत प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता माणसांपेक्षा प्राणवायू पोहोचविणे अधिक तातडीचे झाले. रुग्णालयांना लागणारा द्रवरूप प्राणवायू मोठ्या प्रमाणावर पोलाद कारखान्यांत तयार होतो, कारण पोलाद बनविण्यासाठीच तो तेथे हवेपासून वेगळा केला जातो. असे बरेचसे कारखाने पूर्व भारतात आहेत, तर त्या वेळी सर्वाधिक मागणी महाराष्ट्र आणि दिल्लीकडे होती. प्राणवायू उणे १८३ अंश सेल्सिअसच्या खाली द्रवरूपात राहतो, त्यामुळे तो दुपदरी भिंतींच्या, उष्णतारोधक टँकरमधूनच न्यावा लागतो, आणि असे टँकर देशात मोजकेच होते. हवाई दलाने रिकामे टँकर विमानाने कारखान्यांकडे नेले, पण भरलेले टँकर विमानातून आणणे धोक्याचे असल्याने परतीचा प्रवास जमिनीवरूनच करावा लागला.

यासाठी रेल्वेने ‘रो-रो’ पद्धत वापरली. भरलेला ट्रक किंवा टँकर रेल्वेच्या सपाट वॅगनवर थेट चढवून नेणे, म्हणजे रो-रो. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये कोलाड ते गोव्यातील वेर्णा या मार्गावर ट्रकसाठी ती सुरू केली होती. १९ एप्रिल २०२१ रोजी नवी मुंबईतील कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. वॅगनवर चढविलेल्या टँकरची उंची घाटातील बोगद्यांसाठी अडचणीची असल्याने तिला जवळचा घाटमार्ग सोडून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घ्यावा लागला आणि सुमारे १,८५० किलोमीटरचे हे अंतर ५० तासांहून थोड्या अधिक वेळात पार झाले. भरलेल्या टँकरपैकी तीन २३ एप्रिलला नागपुरात उतरविण्यात आले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी नाशिकला पोहोचले. पुढील काही महिन्यांत देशभरात अशा गाड्यांनी ३५,००० टनांहून अधिक प्राणवायू वाहून नेला. त्याच लाटेत नंदुरबारमध्ये रेल्वेचे विलगीकरण डबे रुग्णांसाठी वापरात आले, राज्यातील १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर प्रचंड ताण आला आणि पुण्यात प्राणवायूची सोय केलेल्या रिक्षाही रुग्णांसाठी धावू लागल्या.

हा खर्च कोणी सोसला?

या सेवेचा आर्थिक भार कोणावर पडला, हे पाहिल्याशिवाय तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. एसटीचे उत्पन्न मुख्यतः तिकिटांवर अवलंबून असते. महासाथीपूर्वी दररोज सुमारे ६५ लाख प्रवासी वाहणाऱ्या महामंडळाचे हे उत्पन्न टाळेबंदीत जवळपास आटले, आणि नेमक्या त्याच काळात त्याच्याकडून तोट्याच्या फेऱ्यांची अपेक्षा करण्यात आली. कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले. २०२० च्या दिवाळीच्या सुमारास राज्य शासनाने १,००० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तरी मूळ प्रश्न सुटला नाही. चालक आणि वाहक बंदिस्त गाडीत रोज शेकडो प्रवाशांच्या संपर्कात येत होते, तरी आरोग्यसेवकांना मिळालेली ‘योद्ध्यां’ची ओळख आणि संरक्षक साधने त्यांच्या वाट्याला उशिराने व तुटपुंजी आली, आणि बेस्ट व एसटी या दोन्ही संस्थांनी संसर्गामुळे अनेक कर्मचारी गमावले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात महामंडळाचे शासनात विलीनीकरण ही प्रमुख मागणी होती. तिची मुळे महासाथीपूर्वीची असली, तरी या दोन वर्षांच्या अनुभवाने तिला धार आली, असे म्हणण्यास जागा आहे.

त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या निष्ठेचे कौतुक करून हा विषय संपवता येत नाही. पुढील आपत्तीसाठी काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतील : प्रत्येक मोठ्या रुग्णालयाचा कर्मचारीवर्ग कोठून येतो याची नोंद, रेल्वे बंद पडल्यास त्या मार्गांवर धावणाऱ्या बसफेऱ्यांचा तयार आराखडा, गावी परतू पाहणाऱ्यांसाठी पहिल्याच आठवड्यात सुरू करता येईल अशी यंत्रणा, आणि अशा फेऱ्यांचा खर्च तिकिटातून न काढता आरोग्य किंवा आपत्ती निवारणाच्या निधीतून भागविण्याची तरतूद. चालक-वाहकांना लसीकरण, संरक्षक साधने आणि नुकसानभरपाई यांत आरोग्यसेवकांच्या बरोबरीचे स्थान देणे, हेही याच आखणीत मोडते. रुग्णालयातील खाटेवर सार्वजनिक पैसा खर्च करणे जितके स्वाभाविक मानले जाते, तितकेच त्या खाटेजवळ परिचारिकेला वेळेवर पोहोचविणाऱ्या बसवर खर्च करणेही स्वाभाविक मानले गेले, तर पुढच्या संकटात ही जुळवाजुळव शून्यापासून करावी लागणार नाही.