धोक्याला किती गुण

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विचारलं होतं ते एवढंच: अमेरिकेतल्या ज्यूंच्या शाळा, वृद्धाश्रम, सिनेगॉग यांना पैसा कुठून मिळतो, आणि आपल्या महाराष्ट्र मंडळांना त्यातून काही शिकता येईल का? मी न्यू जर्सीत राहतो. ओळखीओळखीतून एका मध्यम आकाराच्या सिनेगॉगच्या ऑफिसात जाऊन बसलो. देणगीदार, फाउंडेशनं, वार्षिक निधी असं बरंच ऐकायची तयारी होती. पण ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंच्या टेबलावर जो कागद पडला होता, त्यातून मला मान वर काढता येईना. तो एका सरकारी अनुदानाचा अर्ज होता. संस्थेचं नाव-पत्ता लिहून झाला की तो विचारतो: तुम्हाला कोणापासून धोका आहे? तुमची इमारत कुठे कच्ची आहे? आणि हल्ला झालाच तर तुम्ही काय काय गमवाल?

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९५ साली बॉस्टनमधल्या ज्यू धर्मादाय संस्थांनी ठरवलं की दहा संस्थांची दहा माणसं दारोदार फिरण्यापेक्षा वर्गणी एकत्र गोळा करायची आणि मग वाटून घ्यायची. तिथून शहरोशहरी फेडरेशनं उभी राहिली. परदेशातल्या ज्यूंसाठी १९१४ साली ‘जॉइंट’ निघाली. मुंबईतल्या बेने इस्रायल समाजापर्यंत तिची मदत पोचलेली आहे. पुढे घराण्यांची फाउंडेशनं आली. बाल्टिमोरचं वाइनबर्ग फाउंडेशन गरीब आणि वृद्धांसाठी देतं, सॅन फ्रान्सिस्कोचं जिम जोसेफ फाउंडेशन ज्यू शिक्षणासाठी. ज्यू शाळा आणि उन्हाळी शिबिरांना भरघोस पैसा देणाऱ्या अवी खाय फाउंडेशनने तर तिजोरी पिढ्यानपिढ्या जपायची नाही असं ठरवून २०१९ अखेर उत्तर अमेरिकेतली अनुदानं बंद केली. देण्याच्या या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शाळेसाठी, शिबिरासाठी पैसा मागताना माणूस आपलं स्वप्न मांडतो. टेबलावरच्या या अर्जात मांडायची होती ती भीती.

योजनेचं नाव नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम. केंद्र सरकारचं गृहसुरक्षा खातं आणि त्याखालची आपत्ती व्यवस्थापन संस्था ‘फेमा’ ती चालवतात. २००५ सालच्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी २ कोटी ५० लाख डॉलर होते. ज्यू फेडरेशनं आणि ऑर्थोडॉक्स युनियन यांनी ती मिळावी म्हणून खूप खटपट केली होती. ११ सप्टेंबरनंतर मोठ्या शहरांतल्या ज्यू संस्थांना धोका वाढला होता, आणि चर्च-मंदिर-सिनेगॉगांना पोलिसी सामग्रीसाठी सरकारी पैसा देण्याची रीत नव्हती. सुरुवातीची बरीच वर्षं अनुदान मोठ्या महानगरांपुरतंच होतं. २०१८ पासून इतर भागांसाठी वेगळा हिस्सा ठेवला गेला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेच्या वेळी अकरा जणांना गोळ्या घालून मारण्यात आलं. २०२० च्या जानेवारीत या योजनेला कायद्याचा स्वतंत्र आधार मिळाला. २०१९ मध्ये ६ कोटी, २०२१ मध्ये १८ कोटी, २०२३ मध्ये ३० कोटी ५० लाख डॉलर. हे आकडे चढत गेले ते मेलेल्या माणसांमागून.

आता त्या बाई. नाव देत नाही, कारण सिनेगॉगचं नावही देत नाही, आणि कारण उघड आहे. पूर्वी त्या एका शाळेचे हिशेब लिहायच्या. इथे त्या फोन घेतात, सणांच्या जागा वाटतात, बिलं भरतात आणि गेली काही वर्षं हा अर्ज भरतात. पहिल्या खेपेला त्यांनी मनापासून लिहिलं होतं की आम्हाला भीती वाटते, आमची मुलं इथे शिकतात. अर्ज नामंजूर झाला. मग त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या भीतीला गुण मिळत नाहीत. भीतीला तारीख लागते, पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक लागतो, फोटो लागतो. पूर्वी शिव्यांनी भरलेली निनावी पत्रं त्या फाडून टाकत. आता प्रत्येक पत्र, प्रत्येक फोनची वेळ, पार्किंगमध्ये थांबून चित्रण करणाऱ्या अनोळखी गाडीचा तपशील एका फाइलला लागतो. ती जाडजूड फाइल त्यांनी मला दाखवली. जी घाण पूर्वी कचऱ्यात जायची ती आता सांभाळून ठेवावी लागते, कारण तीच पुरावा आहे. पाहताना मला फार वाईट वाटलं. त्या मात्र ती सराईतपणे चाळत होत्या.

अर्जाची अंतर्गत रचना कडक आहे. आधी जाणकार माणसाकडून इमारतीच्या कच्च्या जागांची पाहणी करून घ्यायची. बाजूच्या दाराची काच साधी आहे, मागच्या अंगणात दिवा नाही, रस्ता आणि बालवर्ग यांच्या मध्ये काहीच अडसर नाही, असं एकेक नोंदवायचं. मग अंदाजपत्रकातली प्रत्येक वस्तू त्यातल्या एखाद्या नोंदीला जोडायची: काचेवर न फुटणारी फिल्म, अंगणात दिवा, रस्त्याकडेला गाडी अडवणारे खांब. पाहणीत नसलेली वस्तू मागितली की गुण गेलेच. शस्त्रं आणि दारूगोळा यांना पैसा मिळत नाही. कॅमेरे, कुलुपांची व्यवस्था, धोक्याचं बटण, प्रशिक्षण, कंत्राटी पहारेकरी यांना मिळतो. आधी राज्य अर्ज तपासतं, मग केंद्र. कित्येक वर्षं त्यात एक गुणाकारही होता. श्रद्धा, विचारसरणी किंवा कार्यामुळे ज्या संस्थेला जास्त धोका आहे तिचे गुण तिनाने गुणायचे, शाळा-दवाखान्यांचे दोनाने, बाकीच्यांचे एकाने. द्वेषाची मोजदाद एखादं राज्य इतक्या थेट आकड्यात करत असेल हे मला माहीत नव्हतं. पण हाच पैसा सगळ्यांना सारखा वाटला असता तर कोणालाच पुरला नसता, हेही खरं.

या सामग्रीचा उपयोग होतो का? होतो. २०१९ च्या योम किप्पूरला जर्मनीत हाले इथे बंदूकधारी सिनेगॉगच्या दाराशी आला. आत पन्नासच्या आसपास माणसं उपास धरून प्रार्थना करत होती. दार टिकलं. त्या सिनेगॉगच्या सुरक्षेला ज्यूइश एजन्सीच्या निधीतून मदत झालेली होती. चिडलेल्या हल्लेखोराने मग बाहेर दोन जणांचा जीव घेतला, त्यामुळे या कथेला सुटकेची कथा म्हणवत नाही. आमच्या न्यू जर्सीत २०२३ च्या जानेवारीत ब्लूमफील्डच्या ‘नेर तामिद’ सिनेगॉगवर एकाने पेटती बाटली फेकली. बाटली फुटली, दार फुटलं नाही, आणि कॅमेऱ्यात सगळं आलं. त्याच्या जेमतेम तीन महिने आधी एफबीआयने राज्यातल्या सगळ्या सिनेगॉगना सावध राहायला सांगितलं होतं.

टेक्ससमधल्या कॉलीव्हिलची हकीकत मात्र निराळी आहे. १५ जानेवारी २०२२ च्या सकाळी थंडीत एक अनोळखी माणूस दाराशी आला. रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनी त्याला आत घेतलं, चहा करून दिला. त्यानेच पिस्तूल काढलं आणि चौघांना ओलीस धरलं. दहा तासांहून अधिक काळ गेल्यावर रब्बींनी त्याच्या अंगावर खुर्ची फेकली आणि उरलेले सगळे दाराबाहेर पळाले. यापूर्वी घेतलेल्या सुरक्षा-प्रशिक्षणामुळेच हे सुचलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. अर्जात प्रशिक्षणाची ओळ सगळ्यात स्वस्त असते. ती कोणी गाळू नये, असं मला वाटतं.

हे ऐकताना माझ्या मनात सारखी अलिबागची इस्रायल आळी येत होती. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल, शेकडो वर्षं राहिले, आणि शेजाऱ्यांपासून रक्षणासाठी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागला नाही. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्रिएल आणि रिव्हका होल्ट्झबर्ग यांच्यासह सहा जण मारले गेले. मारेकरी बाहेरून आले होते. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगांबाहेर पोलीस दिसतात. त्यासाठी कोणाला गुणांचा अर्ज भरावा लागत नाही. काळा घोड्याच्या १८८४ सालच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगसाठी जिंदालांच्या जेएसडब्ल्यू फाउंडेशनने आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडने पैसा दिला, तो रंगीत काचा, नक्षी आणि मूळ रंग परत आणण्यासाठी. २०१९ मध्ये ती वास्तू पुन्हा उघडली आणि युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. मी त्या बाईंना तिचे फोटो दाखवले. त्यांनी खिडक्या पाहिल्या आणि विचारलं, यावर फिल्म आहे का?

आता अडचणींकडे येतो. पहिली अडचण रोकड पैशाची. हे अनुदान म्हणजे बहुतेक ठिकाणी खर्चाची भरपाई असते. काम आधी स्वतःच्या पैशाने करायचं, बिलं आणि पावत्या राज्याकडे द्यायच्या, मग पैसे येणार. २०२१ पासून काही वर्षं एका जागेसाठी १ लाख ५० हजार डॉलरची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती २ लाख झाली. चाळीस कुटुंबांच्या एखाद्या सिनेगॉगने इतके पैसे आधी आणायचे कुठून? काही ठिकाणी फेडरेशन मदत करतं, काही ठिकाणी बिनव्याजी कर्ज मिळतं. बाकीचे मंजूर झालेल्या कामातलं निम्मंच करतात.

दुसरी अडचण जुन्या वास्तूंची. मंजुरीचं पत्र आलं तरी भिंतीला भोक पाडता येत नाही. पर्यावरण आणि वारसा यांची वेगळी तपासणी असते. इमारत किती सालची, कॅमेरा कुठे बसणार, खांबासाठी जमीन किती खोल खणणार, सगळं फोटोंसह कळवायचं. १९६६ चा वारसा-संरक्षण कायदा त्यामागे आहे आणि तो योग्यच आहे. पण जी सिनेगॉगं सगळ्यात जुनी, ज्यांची दारं-खिडक्या सगळ्यात नाजूक, त्यांनाच सगळ्यात जास्त थांबावं लागतं, आणि कामाची मुदत छत्तीस महिन्यांची.

तिसरी अडचण माणसांची. अर्ज लिहिणारं माणूस ज्या संस्थेकडे नाही, ती मागे पडते. पाहणी करून द्यायला केंद्र सरकारचे सल्लागार फुकट येतात, मोठ्या फेडरेशनकडे सुरक्षा-अधिकारी आहेत. तरी लिहायचं कोणी तरी बसून असतंच. २०२३ आणि २०२४ मध्ये निम्म्याहून जास्त अर्ज नामंजूर झाले. अनुदान सगळ्या धर्मांना खुलं आहे. मशिदी, चर्च, गुरुद्वारे, हिंदू मंदिरं, सगळेच अर्ज करू शकतात. २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, २०२४ मध्ये मेलव्हिलच्या स्वामिनारायण मंदिराबाहेर द्वेषाचा मजकूर रंगवला गेला. आपल्या मंडळांनी शिकायचं असेल तर ते इथे आहे: एक माणूस नेमून रोजची नोंद ठेवायची. घटना घडल्यावर नोंद सुरू करून भागत नाही.

आणि चौथी, जिला कोणाच्याच हातात उत्तर नाही, ती राजकारणाची. २०२४ मध्ये नेहमीच्या २७ कोटी ४५ लाख डॉलरांवर जादा रक्कम धरून आकडा ४५ कोटी ४५ लाखांवर गेला. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र नव्या प्रशासनाने फेमाची अनुदानं तपासणीसाठी थांबवली. ज्यांनी कॅमेरे बसवून बिलं दिली होती त्यांचे पैसेही अडकले. मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये ज्यू संग्रहालयाबाहेर दोघांचा खून झाला, जूनमध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये शांतपणे चालणाऱ्या लोकांवर आगीचा हल्ला झाला, आणि पैसा पुन्हा हलू लागला. नव्या फेरीच्या अटींत स्थलांतरितांवरच्या कारवाईत सहकार्य करण्याची भाषा आली, तेव्हा अनेक रब्बींनी आणि सिनेगॉगांनी हरकत घेतली. परक्याला आसरा द्या हे ज्यांच्या धर्मग्रंथात पुन्हा पुन्हा आलेलं आहे, त्यांना दार भक्कम करण्यासाठी अशी सही करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. बाईंच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांचा यावर निर्णय झालेला नाही. सभा लांबतात, दोन्ही बाजूंना आपली माणसं आहेत.

तोपर्यंत बाई आपलं काम करत आहेत. इमारतीच्या पाहणीसाठी त्यांनी वेळ घेऊन ठेवली आहे. मागच्या अंगणातला कॅमेरा अधूनमधून बंद पडतो. अनुदान मंजूर होण्याआधी केलेला खर्च भरून मिळत नाही, म्हणून नवा घेता येत नाही. शनिवारी प्रार्थनेच्या वेळी एक निवृत्त डॉक्टर त्या बाजूला खुर्ची टाकून बसतात, आणि त्यांच्या गैरहजेरीत कोणी बसायचं याची यादी बाईंनी फळ्यावर लावली आहे.